रोमिओ-ज्युलिएट : शकुन वेळेवर, निरोप उशिरा

निशिगंधा_वाचते

पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात कॅप्युलेटांचा एक गडी व्हेरोनाच्या रस्त्यात हातात कागद घेऊन उभा असतो. रात्रीच्या मेजवानीला कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी मालकाने दिलेली, आणि गड्याला अक्षरओळख नाही. समोरून येणाऱ्या तरुणाला तो विचारतो, "साहेब, वाचता येतं का तुम्हाला?" तो तरुण नेमका रोमिओ, मालकाच्या हाडवैऱ्याचा मुलगा. तो उत्तर देतो, "हो, माझ्या दुःखात माझं नशीब वाचता येतं." आणि मग नशिबाऐवजी यादी वाचून दाखवतो.

यादीत रोझालिन असते, जिच्यापायी तो तेव्हा झुरतोय. तिच्यासाठी तो बिनबोलावता जातो आणि तिथे ज्युलिएट भेटते, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण त्याच यादीत रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट ही नावंही आहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी हे दोघेही मेलेले असतात, आणि टिबॉल्टला मारणारा हा यादी वाचणाराच असतो. स्वतःच्या तोंडाने ती नावं उच्चारताना त्याला कशाचा पत्ता नाही. प्रेक्षकालाही पहिल्या वेळी नसतो.

आपल्याकडे या नाटकावर बोलताना 'नियती' म्हटलं की बात संपते. नांदीतच सांगून टाकलंय ना, ताऱ्यांनीच वैर धरलेले प्रेमिक, मरणाची खूण लागलेलं प्रेम, मग पुढे काय बोलायचं? १४ ओळींच्या सुनीतात शेवट फोडलेला आहे, हे खरं. मला खटकतं ते पुढचं. शेवट एकदा सांगून झाल्यावर शेक्सपिअर गप्प बसत नाही, दर थोड्या वेळाने कुणाच्या ना कुणाच्या तोंडून तो पुन्हा सांगत राहतो. मेजवानीला जाताना रोमिओ म्हणतो, ताऱ्यांत टांगलेलं काहीतरी आजच्या रात्रीपासून सुरू होणार आणि माझ्या अकाली मरणावर संपणार असं मन सांगतंय. ज्युलिएट त्याचं नाव विचारायला दाईला पाठवते आणि पुटपुटते, लग्न झालेलं असेल त्याचं, तर माझं थडगं हीच माझी लग्नशेज. तिसऱ्या अंकाच्या शेवटी पहाटे तो खिडकीतून खाली उतरतो. वरून बघताना तिला तो थडग्याच्या तळाशी पडलेल्या प्रेतासारखा दिसतो. यानंतर दोघं एकमेकांना जिवंत, शुद्धीत असे भेटतच नाहीत. तिला तो पुढे दिसतो तो खरोखरच थडग्यात मरून पडलेला. थोड्याच वेळाने तिची आई वैतागून म्हणते, या कार्टीचं थडग्याशीच लग्न लागलं तर बरं. तेही लागतं.

म्हणजे शकुन एकूण एक खरे, आणि वेळच्या वेळी आलेले.

आता निरोपांकडे बघा. ज्युलिएट सकाळी नऊला दाईला पाठवते, अर्ध्या तासात येते म्हणून गेलेली दाई बाराला उगवते आणि वर कंबर धरून बसते. हा प्रवेश विनोदी आहे, आपण हसतो. तिसऱ्या अंकात तीच दाई "मेला हो, मेला" करत येते, आणि कोण मेला ते धड सांगत नाही. ज्युलिएटला वाटतं रोमिओ मेला. मेलेला असतो टिबॉल्ट. दोघांचं गुपचूप लग्न लावणारा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स, ज्युलिएट मेलेली नाही, माझ्या औषधाने नुसती निपचित पडलीय असं पत्र हद्दपार रोमिओला धाडतो, ते तर मँच्युआला पोचतच नाही. अख्ख्या नाटकात घोड्याच्या वेगाने पोचणारी मोठी बातमी एकच, रोमिओचा गडी बाल्थझार याने त्याला आणलेली ज्युलिएटच्या मरणाची. ती खोटी.

माझं म्हणणं एवढंच की इथे नियती म्हणजे आकाशातले तारे नव्हेत. इशारा प्रत्येकाला मिळतो, माहिती कुणालाच मिळत नाही. या दोहोंतली फट म्हणजे इथली नियती. छातीत धस्स होऊन कुणाचा जीव वाचत नाही, पत्र पोचलं असतं तर वाचला असता. शेक्सपिअरने धस्स होणं भरपूर वाटलं आणि पत्र अडवून ठेवलं.

तुम्हाला पटतंय का? नसेल तर हाणा.

---

कट्ट्यावरचा_काका

वाचलं, आवडलं, पण पटलं नाही. निशिगंधाताई, तुम्ही ताऱ्यांना फार स्वस्तात सोडताय. नाटक साधारण १५९५ चं. त्या काळच्या लंडनमध्ये ज्योतिष हा चावडीवरचा टाइमपास नव्हता. एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचा मुहूर्त, १५ जानेवारी १५५९, जॉन डी या ज्योतिषाने काढून दिलेला. सायमन फोरमन नावाचा वैद्य पत्रिका मांडूनच रोगी तपासायचा, त्याच्या वह्या आजही आहेत, आणि हाच गृहस्थ १६११ साली ग्लोब नाट्यगृहात जाऊन शेक्सपिअरची नाटकं बघून टिपणं लिहितो. असा प्रेक्षक समोर बसलेला असताना 'तारे' हा शब्द नुसती उपमा कसा असेल?

---

मैथिली_क

काका, प्रेक्षक मानत होता म्हणून नाटककार मानत होता असं थोडंच आहे! 'ज्युलिअस सीझर'मध्ये कॅशिअस म्हणतो, दोष ताऱ्यांत नाही, आपल्यातच आहे. 'किंग लिअर'मधला एडमंड तर ग्रहांवर खापर फोडणाऱ्यांची यथेच्छ टर उडवतो.

मला विचाराल तर या नाटकातला खरा ग्रह म्हणजे बाप, म्हातारा कॅप्युलेट. सोमवारी रात्री पॅरिस नावाच्या सरदाराशी ज्युलिएटच्या लग्नाचं ठरवताना तो स्वतःच म्हणतो, बुधवार? छे, फार घाई होईल, गुरुवार ठेवू. मंगळवारी ज्युलिएट फ्रायरकडून परत येते, गुडघे टेकते, चुकले म्हणते, तुम्ही म्हणाल तसं करीन म्हणते. म्हातारा इतका खूश होतो की जागच्या जागी लग्न एक दिवस अलीकडे ओढतो, उद्याच उरकू! बायको सांगतेय, अहो तयारी नाही, गुरुवारच बरा. ऐकतो कुठला. त्यामुळे औषध एक रात्र आधी प्यावं लागतं आणि फ्रायरच्या हातचा एक अख्खा दिवस जातो. तो दिवस हाताशी असता तर पत्राची दुसरी सोय झाली असती.

आणि गंमत बघा, मुलगी हट्टाला पेटलेली असताना गुरुवार कायम होता. तिने आज्ञाधारकपणाचं नाटक केलं म्हणून बुधवार झाला. तारे काय करतात यात?

---

निशिगंधा_वाचते

मैथिली, हे मी लिहायला हवं होतं, तुमच्याकडून उसनं घेते. :) काका, ताऱ्यांवर प्रेक्षकांचा विश्वास होता हे मान्यच. पण म्हणूनच तर रोमिओ आणि फ्रायर येताजाता ताऱ्यांचं, दैवाचं नाव घेतात, आणि घेतात ते नेमकं स्वतःच्या हातून काही घडल्यावर. टिबॉल्टला भोसकल्यावर रोमिओ ओरडतो, मी नशिबाचा खुळा! अहो, तलवार कुणाच्या हातात होती?

---

तळटीप

मूळ कथेशी ताडून पाहिलं तर निशिगंधा यांच्या मुद्द्याला बळ मिळतं, म्हणून चार गोष्टी.

शेक्सपिअरच्या समोर होतं ते आर्थर ब्रूकचं १५६२ चं 'रोमिअस अँड ज्युलिएट' हे लांबलचक कथाकाव्य. ब्रूकच्या आधी हीच गोष्ट इटलीत दा पोर्तो आणि बांदेल्लो यांनी सांगितलेली, मग फ्रेंचमध्ये गेलेली. ब्रूककडे दैवाची चक्रं पानोपानी फिरतात. प्रस्तावनेत तर तो सरळ धाकच घालतो की आईबापांचं न ऐकता वासनेच्या मागे लागणाऱ्यांची अशी गत होते. म्हणजे ब्रूकच्या प्रस्तावनेपुरतं हे मरण ही शिक्षा आहे. शेक्सपिअरने ही शिक्षा काढून टाकली.

दुसरं, काळ. ब्रूककडे गोष्ट कित्येक महिने चालते, लग्नानंतर प्रेमिक बराच काळ चोरून भेटत राहतात. शेक्सपिअरने सगळं रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात कोंबलं. ब्रूकची ज्युलिएट सोळाची होत आलेली, याची चौदाचीही नाही. तिचा वाढदिवस ३१ जुलैला, म्हणजे अजून दोनेक आठवडे आहेत, हे दाई घोळून घोळून सांगते. ती चौदावं वर्ष पुरं करणार नाही हे नांदी ऐकलेल्या प्रेक्षकाला माहीत असतं, म्हाताऱ्या दाईला नसतं, म्हणून ती लांबण लावते आणि आपण अस्वस्थ होतो. पूर्वसूचनेचं माझ्या मते हे सर्वांत बेमालूम उदाहरण. इथे ना तारे आहेत ना स्वप्नं, नुसता वाढदिवस आहे.

तिसरं आणि महत्त्वाचं. मर्क्युशिओ ब्रूककडे जेमतेम आहे, मेजवानीत ज्युलिएटच्या शेजारी बसलेला, गारढोण हातांचा एक माणूस. तिथे तो मरत नाही. त्यामुळे त्याचा मरतानाचा शाप, "तुमच्या दोन्ही घरांवर मरी येवो", हा पूर्णपणे शेक्सपिअरचा. साथीमुळे पत्र नेणारा फ्रायर अडकतो हे मात्र ब्रूककडेही आहे. शाप नवा, साथ जुनी. दोहोंची गाठ शेक्सपिअरने मारली.

---

कट्ट्यावरचा_काका

तळटीपराव, हा शाप तर मी विसरलोच होतो. आणि तो किती शब्दशः फळतो बघा. पाचव्या अंकात तो पत्र नेणारा फ्रायर जॉन सांगतो, सोबतीला म्हणून मी आमच्याच पंथाच्या एका बंधूला शोधत गेलो, तो आजाऱ्यांना भेटत होता. शहराच्या तपासनिसांना संशय आला की आम्ही साथीच्या घरात होतो, त्यांनी दारं सीलबंद केली. लॉरेन्स विचारतो, मग पत्र नेलं कुणी? जॉन म्हणतो, कुणीच नाही, हे बघा, इथेच आहे. संसर्गाच्या भीतीने परत पाठवायलाही माणूस मिळाला नाही.

लंडनच्या प्रेक्षकाने ही सीलबंद दारं डोळ्यांनी पाहिलेली. १५९२ च्या उन्हाळ्यापासून १५९४ पर्यंत प्लेगमुळे नाट्यगृहं बहुतेक काळ बंदच होती. नाटक त्यानंतर लगेचचं. आणि आपणही २०२० मध्ये दारावर चिकटवलेले कागद पाहिलेत, त्यामुळे हा प्रवेश आता वेगळाच वाचला जातो.

---

उगाच_एक

थोडक्यात काय, मोबाईल असता तर नाटक दुसऱ्या अंकात संपलं असतं.

---

मैथिली_क

@उगाच_एक, बाल्थझारची बातमी व्हॉट्सॲपच्याच वेगाने आली की. फॉरवर्डेड, आणि खोटी.

---

उगाच_एक

🙏 शस्त्रं खाली ठेवली.

---

शिस्तप्रिय_गोगलगाय

माझी एक जुनी शंका. फ्रायर म्हणतो औषधाचा अंमल ४२ तास. ज्युलिएट पिते मंगळवारी रात्री. ४२ तास मोजले तर गुरुवारी दुपार उलटून जाते. पण ती जागी होते गुरुवारी पहाटेच्या आधी, अंधार असताना. हिशोब बसत नाही. नियतीच्या गप्पा मारणाऱ्या नाटकाला बेरीज का येऊ नये?

---

तळटीप

नाहीच बसत, आणि यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई सांडलीय. कुणी लग्न अलीकडे ओढण्याशी जोडतं, कुणी सरळ लेखकाची नजरचूक म्हणतं. रंगमंचावर कुणी मोजत बसत नाही. '४२' हा आकडा कानाला नेमका वाटतो, फ्रायरला सगळं ठाऊक आहे असा भास होतो, तेवढ्याचसाठी तो आहे असं मला वाटतं.

---

अमरकोश

थोडं आपल्या बाजूने. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमात पाऊल टाकतो आणि त्याचा उजवा बाहू स्फुरतो. तो म्हणतो, या शांत जागी याचं फळ काय मिळणार? आणि लगेच, 'अथवा भवितव्यानां द्वाराणि भवन्ति सर्वत्र'. होणाऱ्या गोष्टींना दारं सगळीकडे असतात. हाही मेजवानीला जाणाऱ्या रोमिओसारखाच उंबरठ्यावरचा शकुन आहे, फक्त शुभ.

तिथेही निरोप अडतोच. अंगठी पाण्यात पडते, राजाला ओळख पटत नाही. पण मासा कोळ्याला मिळतो, अंगठी राजाकडे येते, उशिरा का होईना. संस्कृत नाटकाला शेवट गोड करावाच लागतो, त्यामुळे कालिदासाचा हरवलेला निरोप सापडतो. शिवाय तिथे दुर्वासांचा शाप आणि उःशाप दोन्ही असतात. मर्क्युशिओ नुसता शाप देऊन मरतो, उःशाप द्यायला कुणी शिल्लक राहत नाही.

---

निशिगंधा_वाचते

अमरकोश, शेवटचं वाक्य झकास. उंबरठ्यावरून आठवलं, रोमिओ त्या क्षणी मागे फिरू शकला असता. तो म्हणतो, माझ्या नावेचं सुकाणू ज्याच्या हाती आहे तोच शीड वळवो, आणि आत जातो. दुष्यंताला शकुन कळला म्हणून तो गेला, रोमिओला कळूनही तो गेला.

---

रंगपट

मी हौशी रंगभूमीवाला. वाचताना तुम्ही सगळे नांदी, तारे, शाप यांत अडकलात, पण करताना खरी कसोटी थडग्यातल्या त्या काही ओळींची असते. रोमिओ तिच्याकडे बघून म्हणतो, तुझ्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मरणाचा फिकट झेंडा अजून इथे रोवला गेलेला नाही. म्हणजे त्याला दिसतंय! औषध उतरतंय, रक्त परत येतंय, आणि हा त्याचं काव्य करतोय. प्रेक्षकात कुणीतरी हमखास हळूच "अरे थांब" म्हणतं. शेवट माहीत असलेला माणूस "थांब" म्हणतो, हे मला कोणत्याही रहस्यनाट्यात मिळालेलं नाही.

म्हणून निशिगंधाताईंच्या सिद्धांतात माझी एक खुट्टी. इथे माहितीही मिळते. समोर, डोळ्यांना. ती वाचता येत नाही, एवढंच.

आणखी एक. या जागेशी लोकांनी पुष्कळ खेळ केलेत. दा पोर्तोकडे आणि बांदेल्लोकडे ती तो मरायच्या आधी जागी होते आणि दोघं बोलतात. ब्रूककडे आणि शेक्सपिअरकडे नाही. १६७९ मध्ये ऑटवे या नाटककाराने आपल्या नाटकात हा प्रसंग घेताना तिला आधी जागं केलं, १७४८ मध्ये गॅरिक या नटाने खुद्द रोमिओ-ज्युलिएटमध्ये तेच केलं, वर दोघांना लांबलचक निरोपाचा संवाद दिला, आणि प्रेक्षकांना तो इतका रुचला की शंभरेक वर्षं तोच शेवट चालत होता. मी तो वाचला आहे. रडू येतं, नाही असं नाही, पण तो नुसता करुण आहे. शेक्सपिअरचा क्रूर आहे, कारण त्याच्याकडे दोघांनाही काय घडलं ते एकमेकांकडून कळत नाही.

---

तळटीप

रंगपट, सहमत. नांदीबद्दल एक भर. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या पहिल्या संग्रहात, या नाटकाची नांदीच नाही. १५९७ च्या पहिल्या छोट्या आवृत्तीत ती १२ ओळींची आहे, १५९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत पुरी १४. म्हणजे ज्याने हे नाटक फक्त फोलिओत वाचलं त्याला 'ताऱ्यांचं वैर' आधी सांगितलेलंच नव्हतं. त्याला ते कळतं रोमिओच्या शंकेतून, ज्युलिएटच्या पुटपुटण्यातून, आईच्या शिव्यांतून. आणि तरी नाटक लंगडं पडत नाही. काकांना वाईट वाटेल, पण तारे काढले तरी इमारत उभी राहते.

---

कट्ट्यावरचा_काका

वाईट कशाला वाटेल, पण "ताऱ्यांनो, तुम्हाला झुगारतो" ही पाचव्या अंकातली आरोळी कुठे टाकाल? ती तर फोलिओतही आहे. ज्युलिएट मेली ऐकल्यावर रोमिओ पहिलं वाक्य ताऱ्यांना उद्देशून बोलतो. बाल्थझार म्हणतो, धीर धरा, चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा. रोमिओ त्याला विचारतो, फ्रायरचं काही पत्र? नाही. राहू दे, घोडे आण. म्हणजे पत्राची आठवण त्याला होते, हे विसरू नका. एक दिवस वाट पाहिली असती तर! ताऱ्यांना झुगारायला निघाला आणि ताऱ्यांनी लिहिलेलंच करून बसला.

---

निशिगंधा_वाचते

काका, तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय हे लक्षात आलंय का? :) "फ्रायरचं पत्र नाही" हे ऐकूनही तो निघतो, हीच तर ती फट.

रंगपट यांच्या खुट्टीवर विचार केला. डोळ्यांसमोरची लाली ही माहितीच, मान्य. त्याच्याच जोडीची जागा त्याच प्रवेशात आहे. फ्रायर लॉरेन्स कंदील, पहार घेऊन स्मशानात धावत येतो आणि म्हणतो, आज रात्री माझे म्हातारे पाय थडग्यांना किती वेळा अडखळले! हाच फ्रायर दुसऱ्या अंकात रोमिओला सांगत होता, हळू, जपून, धावणारेच ठेचकाळतात. तिथला उपदेश इथे त्याच्याच पायात येतो.

मग त्याला बाल्थझार भेटतो. फ्रायर विचारतो, रोमिओ किती वेळ आत आहे? "चांगला अर्धा तास." तू चल माझ्याबरोबर. बाल्थझार घाबरतो, मालकाने दूर राहा म्हणून बजावलंय. आणि मग तो सांगतो, या झाडाखाली मला डुलकी लागली, स्वप्न पडलं की माझे मालक आणि दुसरा कुणी लढले आणि मालकांनी त्याला ठार केलं.

ते स्वप्न नव्हे. पॅरिसला रोमिओने खरोखर थोड्या वेळापूर्वी मारलंय, बाल्थझारने ते झोपेत ऐकलं असेल नाहीतर अर्धवट पाहिलं असेल. नाटकभर खरी बातमी उशिरा येत होती, इथे ती वेळेवर आली तर सांगणाऱ्यालाच ती स्वप्न वाटली. रंगपट, हे तुमच्या खात्यात की माझ्या?

---

रंगपट

निम्मं-निम्मं. आम्ही तालमीत ही ओळ कापली होती, प्रयोग लांबतो म्हणून. आता पुढच्या वेळी बाल्थझारला ती परत देणार.

---

शिस्तप्रिय_गोगलगाय

हा "चांगला अर्धा तास" माझ्या ४२ मध्ये धरायचा की वेगळा?